पुलाखालचं पाणी

रेल्वेपुलाखाली पाणी साचलेलं पाहून मनोहररावांनी मोटारसायकल थांबवली. सवयीनं म्हणाले, "उतर वं, पाह्य बरं किती हाये." मागून कोणी उतरलं नाही. बायको सुभद्रा उन्हाळ्यातच वारली होती; गाडीचं तिचं मागचं पायदान त्यांनी अजून मिटलं नव्हतं. दर पावसाळ्यात इथं ती लुगडं खोचून पुढं जायची, पायानं खड्डे चाचपायची आणि पलीकडून हात उंचावून ओरडायची, "या जी आता! पयल्या गिअरवर, रेस सोडू नका!" ती चालायची त्याच वाटेनं ते गाडी काढायचे. आज ते स्वतःच पँट दुमडून, चपला हातात घेऊन, खड्डे चाचपत पाण्यातून चालत गेले. पाणी घोट्यापर्यंतच होतं. गाडी सहज निघाली असती. पलीकडे पोचून ते वळले आणि त्यांचाही हात आपोआप उंचावला. समोर गाडी उभी होती, मागचं पायदान उघडं. आणणारं कोणी नव्हतं.