सात झाडं

इसबगोलाच्या फुलांवर संशोधन करण्यासाठी रागिणी दर्यापूरहून अकोल्याच्या एका कॉलेजात आली होती. इसबगोलाच्या तुऱ्यावर आधी पांढरी स्त्रीकेसरं डोकावतात आणि मागाहून परागकोश लोंबू लागतात. पण तिच्या वाफ्यातल्या सात झाडांना परागकोश आलेच नाहीत. सलग बारा दिवस तिनं भिंग लावून पाहिलं.

"रोगट झाडं हायेत, उपटून टाक," तिचे मार्गदर्शक ढोके सर म्हणाले. "तक्त्यात घेतले तर परीक्षक प्रबंध वापस पाठवतीन."

"रोगट कशे, सर? बाजूच्या झाडाचे पराग वाऱ्यानं येतात, अन् याईच्यात दाणा भरून राहिला. असे बिनपरागाचे झाडं संकरित बियाण्याले लय कामी येतात."

"सातच तं हायेत. त्याईच्यासाठी वर्ष वाया घालवतं काय?"

"जाऊ द्या वाया!" रागिणी वाफ्यातच ठाण मांडून बसली. "मी उपटणार नाई, अन् तुमालेबी उपटू देणार नाई."

सरांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. आता ते भडकणार, आपलं नाव कापणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. तरी ती हलली नाही.

सरांनी तिच्या हातातलं भिंग घेतलं. गुडघे टेकून त्यांनी सातही झाडं एकेक करून पाहिली. मग तिच्याशेजारी मातीतच बसले.

"अठ्ठ्याण्णव साली मले असेच तीन झाडं दिसले होते," ते म्हणाले. "आमच्या सरानं उपट म्हटलं, अन् मी उपटले."