मावशींच्या कपाळाचा बुक्का

जवळ सरका, एका बुक्क्याची गोष्ट सांगते.

कीर्तनात बुक्का लागला की गोदूमावशींची नाजूक कातडी आठवडाभर पोळायची. म्हणून चाळीस वर्षं त्या कपाळ झाकूनच बसत. आता त्यांच्याच कातडीचा, प्रयोगशाळेत वाढवलेला नखाएवढा तुकडा डबीत होता. बुक्का आधी त्याला लावायचा. अकरा वेळा मिश्रण बदलून पाहिलं, अकराही वेळा तो लालबुंद झाला.

बाराव्या वेळी कीर्तनकार हंसाबाईंनी अत्तर, कापूर, कचोरा सगळं वगळून नुसता कोळसा वस्त्रगाळ केला.

“कोळसा फासणार होय गं मला?”

“देवही काळाच आहे, मावशी. त्याला चालतं.”

हंसाबाईंनी चिमूटभर कोळसा तुकड्याला लावला. घटकाभर दोघींची नजर डबीवरून हलली नाही. तुकडा शांत राहिला. मावशींनी हसत कपाळ पुढे केलं. “लाव, चांगला ठसठशीत लाव!”

तुम्ही बुक्का लावाल तेव्हा त्या तुकड्याला आठवा; मावशींच्या वाटचं पोळणं त्यानं सोसलं.