गुलाबाच्या चार नळ्या

१२ जानेवारी २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. टेबलावर नळ्या चार. खालापूरच्या प्रदर्शनात कोंडीरामांच्या नातीचे यंत्र पोथ्यांतील कृतींवरून गुलाबाची जुनी अत्तरे पुन्हा घडवीत होते. रसायनी गावच्या कारखान्यात तीस वर्षे वासावरून गळती ओळखणाऱ्या कोंडीरामांच्या नाकाला तापानंतर दोन वर्षे करपलेल्या दुधाचा वासही कळत नव्हता. गेलेला वास परत यावा म्हणून सहा महिने लवंग हुंगण्याचा सराव करून ते आज नळ्यांतले वास ओळखण्याच्या परीक्षेला बसले होते. पहिल्या नळीतून काहीच कळले नाही. “संपलं गं, पारू.” “तोंड नका पाडू, मला बी वास नाय आला,” पत्नी म्हणाली. नात हसली, “आजोबा, त्यात नुसती हवा आहे. आधी कोरा नमुना तपासायचा, हे तुम्हीच शिकवलंत.” दुसरीत निव्वळ गुलाब, तिसरीत चंदनासह, चौथीत केशरासह, कोंडीरामांनी एका दमात सांगितले. नातीने यादीशी पडताळून लिहिले: बरोबर, चारपैकी चार.