उदयची मापं

कुवेतच्या शर्क भागातल्या त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात चंद्रहास स्कीवर बूट अडकवायची बाइंडिंग उघडझाप करून बघत होता. जणू ती त्याला रिफायनरीतल्या पाइपलाइनवरच बसवायची होती.

"हीच घेऊ," तो म्हणाला. "पुढून पकड, मागून पकड. पोरगं आपटलं तरी पाय सुटायचा नाही."

"साहब, वही तो गडबड है," दुकानातला रफीक हसला. तो मूळचा गुलमर्गचा. इथे वाळवंटात बसून युरोपच्या सहलीला निघालेल्या गिऱ्हाइकांना बर्फाचं सामान विकायचा. "ये सिर्फ उतरने के वास्ते है. आपके बेटे को चढना भी है, दिनभर चलना है. एडी खुली नहीं रही तो चलेगा कैसे?"

त्यानं दुसरी बाइंडिंग पुढे सरकवली. बुटाचं फक्त टोक धरणारी, एवढीशी. चंद्रहासचा चेहरा पडला. असल्या चिमट्याच्या भरवशावर मुलाला हिमालयात सोडायचं, हे त्याच्या इंजिनिअरच्या मनाला काही केल्या पटेना.

शामला स्कीच्या तळावरून बोट फिरवत होती. मधोमध माशाच्या खवल्यांसारखी नक्षी होती, चढताना मागे घसरू नये म्हणून. उदय पुण्यात तिच्या बहिणीकडे, प्रेमाकडे राहून शिकत होता. या सुट्टीत तो कुवेतला यायचा होता. पण ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर मनालीकडे स्कीजवरून खिंड ओलांडायचं ठरलं, म्हणून आता तो येणार नव्हता; त्याला स्कीज मात्र हव्या होत्या. शामला आधी रुसली, मग रडली, आणि शेवटी तीच नवऱ्याच्या मागे लागून दुकानात आली. जे पोराला आपल्यापासून लांब नेतंय, ते निदान आपल्या हातचं तरी असावं.

"बेटे का कद बताइए, मॅडम," रफीक म्हणाला. हात वर केला की मनगटापर्यंत येईल एवढी स्की लागते, हे त्यानं स्वतःचाच हात वर करून दाखवलं. वजनही हवं होतं. माणूस हलका असला तर स्कीची मधली कमान दबत नाही, आणि पाय नुसताच मागे सरकतो.

"माझ्या कानाला लागतो," शामला लगेच म्हणाली.

"अगं, ते दहावीच्या आधी. मागची रजा प्लांटच्या कामात गेली नाही का?"

"मग माझ्याएवढा असेल."

"और वजन?"

बहिणीच्या बांगडीचं, शेजारच्या लीनाच्या मुलीच्या फ्रॉकचं माप शामलाला तोंडपाठ होतं. आणि पोटच्या पोराचं विचारलं तर ही अशी उभी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"प्रेमाला विचारते," ती म्हणाली. रफीकनं काउंटरवरचा फोन तिच्याकडे सरकवला.

बऱ्याच खटपटीनंतर पुणं लागलं. "हॅलो," पलीकडून भरदार पुरुषी आवाज आला. आज भाऊजी लवकर घरी आले वाटतं, असं तिच्या मनात आलं.

"प्रेमा आहे का?"

"आई दत्ताच्या देवळात गेलीय. बाबा यायचेत अजून ऑफिसातून. मी उदय. कोण बोलतंय?"

लाइनीत खरखर होती, पण ऐकू यायचं ते स्वच्छ ऐकू आलं. पत्रात तो प्रेमाला मावशीच लिहायचा. शामलाच्या ओठांवर उत्तर तयार होतं, एका शब्दाचं. पण तो शब्द आत्ता देवळात गेला होता.

"मी... कुवेतहून," ती म्हणाली. "दुकानातून. स्कीजसाठी मापं हवी होती."

"अरे वा! तिथं दुकानात मराठी माणसं?" तो खुलला. "घ्या ना लिहून. पाच फूट अकरा. वजन त्रेसष्ट. बूट दहा नंबर. आणि काकू, टाच मोकळी राहणारीच बाइंडिंग द्या हं. कुवेतचे बाबा सगळं दणकट घ्यायला बघतात." तो हसला. "बरं झालं मलाच विचारलंत. कुवेतच्या आईला नसतं सांगता आलं."

आवाजात कडवटपणा असता तर ती भांडली तरी असती. पण तो अगदी सहज बोलला होता, उद्या शुक्रवार आहे म्हणावं तसा.

"थंडी फार असेल तिकडे," ती कशीबशी म्हणाली. "स्वेटर..."

"आईनं विणलाय ना जाडजूड. थँक यू, काकू."

फोन बंद झाला. तरी ती रिसीव्हर कानाला धरून उभी होती. तो आवाज आणखी थोडा ऐकायला मिळावा, काकू म्हणून का होईना, एवढंच तिला वाटत होतं. मग तिनं रिसीव्हर ठेवला आणि रफीकला एकेक माप सांगितलं. एकही चुकलं नाही.

"पाच अकरा?" बाइंडिंगमध्ये गुंतलेल्या चंद्रहासचा हर्ष गगनात मावेना. "म्हणजे माझ्याहून उंच! प्रेमानं नीट मोजलंय ना?"

"प्रेमा नव्हती घरी," शामला म्हणाली. "तिचा मुलगा होता. चांगलं वळण लावलंय हो तिनं."