जासूसाचा आवाज

रात्रभराचं नाटक संपून उजाडलं होतं. मंडपामागे तोंडावरचा रंग पुसत बसलेल्या धनराजचे पाय एका म्हाताऱ्याने धरले.

“साहेब, माह्या पोरीले सासरच्यायनं मारलं. जंगलात गाडलं. पोलीस म्हणतात, कुठी गेली असन निघून. तुमी तिच्या सासऱ्याले, रामाजीले, बोलतं करा.”

“भाऊ, मी नट आहो. जासूस फक्त नाटकात. ते बोल लिवलेले असतात.”

“रामाजीले काय मालूम? तो नाटकं पाह्यत नाई.”

म्हाताऱ्याचं नाव लटारू. त्याच्या पोरीने, दिव्यानीने, जातीबाहेर लग्न केलं होतं. “म्या माफ केलं होतं, साहेब. आता हाडं तरी मिळू द्या.” त्याचा मुलगा निकेश मोटारसायकलपाशी मान खाली घालून उभा होता.

हाडांचं नाव निघालं आणि धनराजला नाही म्हणवेना.

जंगलातल्या वाटेने जाताना तो विचार करत राहिला. रंगमंचावरचा त्याचा जासूस गरजायचा, बोट रोखायचा; शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं ना. खऱ्या अंगणात तो कसा बोलेल? कमी बोलेल. हळू बोलेल. आणि मग थांबेल.

बापलेक रामाजीच्या गावाबाहेर बोडीच्या पाण्यापाशी थांबले. धनराज एकटाच पुढे गेला. रामाजी अंगणात तुरी झोडपत होता.

“मला सगळं ठाऊक आहे, रामाजी,” धनराज शहरी मराठीत म्हणाला. “तुमच्या तोंडून ऐकायला आलोय.”

आणि गप्प राहिला.

रामाजीच्या हातातली काठी थांबली. त्याने पाहुण्याच्या बुटांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. मग मटकन खाली बसला.

“सरकारी माणूस आहा ना तुमी? मंग सांगतो. जित्ती आहे पोरगी. ती अन् माहा पोरगा, दोघंबी गडचांदूरले आहेत, कारखान्यामागं, माह्या बहिणीच्या घरी. आमीच लपवलं. कोणाले सांगू नका, साहेब, पाया पडतो.”

इतक्या हंगामांत धनराजच्या जासूसाने खुनी पुष्कळ पकडले होते, जिवंत माणूस कधी शोधून दिला नव्हता. पुढचा प्रश्न विचारायचं त्याला सुचलंच नाही. तो बोडीकडे पळत सुटला.

“भाऊ, जित्ती आहे! गडचांदूरले! कारखान्यामागं, रामाजीच्या बहिणीकडं!”

लटारूने खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे कोरडे केले आणि मुलाकडे वळला.

“निकेश, कुऱ्हाड घे. भेटली.”