चकाचक चाकं

पेठला मुलगी बघायला जायचं होतं आणि मुलीचे वडील, भिमाजीकाका, तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. ते आधी गाडी बघणार आणि मग नवरदेव, हे हर्षलने ओळखलं होतं. घाट उतरताना ब्रेकची काळी भुकटी चाकांवर बसली होती. गाव येण्याआधीच त्याने गाडी थांबवली आणि आई "अरे, उशीर होतोय!" म्हणून ओरडत असताना जुन्या टूथब्रशने चारही चाकं आरशासारखी लखलखीत केली.

काकांनी खरंच आधी गाडी बघितली. वाकून चाकावर बोट फिरवलं, ते बोट निरखलं आणि घराकडे तोंड करून ओरडले,

"पोहे टाकू नका गं! अख्खा घाट उतरून आला, पण पोरगा ब्रेकच मारत नाय!"