गोणपाटाखालची ठिणगी

मुलांनो, समजा तुम्ही बोरी गावात शिवकांतच्या गॅरेजसमोर उभे आहात. भर दुपार आहे. पंधरा-वीस माणसं जमली आहेत. मधोमध एक जुनी मोटारसायकल आहे. मागचं चाक वाकलेलं, टाकी चेपलेली.

आठ दिवसांपूर्वी ही गाडी गंगाखेडजवळ रुळावर बंद पडली. गोपाळ ती ढकलून बाहेर काढत होता, तेवढ्यात रेल्वे आली. गाडी बाजूला फेकली गेली. गोपाळ वाचला नाही.

तो निघाला होता थोरल्या लेकीची, पंचफुलाची, सुपारी फोडायला. पोरगी अजून नववीत होती, पण स्थळ चांगलं होतं. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता गोपाळचा म्हातारा बाप, येडबा, काठी टेकून उभा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. अपघाताच्या चार दिवस आधी शिवकांतनंच प्लगची वायर बदलली होती. मग ती बंद का पडली, हे त्यानं सगळ्यांसमोर शोधून दाखवावं. चूक त्याची निघाली तर त्यानं गॅरेज उचलावं आणि गाव सोडावं.

"आन् जे निघंल ते गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून सांग, अप्पा," येडबा म्हणाला.

शिवकांतनं होकाराची मान हलवली. तो लिंगायत, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून तो खोटं बोलणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्याला गावातली पोरं फार जवळची. शाळा सुटली की चार-पाच जण गॅरेजात येऊन बसत. तो त्यांना प्लग घासायला द्यायचा, पाने ओळखायला लावायचा, ठिणगीची वीज बनवणारी कॉइल कुठं असते ते दाखवायचा. वीज म्हणजे नळीतलं पाणी, असं तो सांगे. वायरीला सुईएवढं भोक पडलं की ठिणगी तिथूनच पळते, मग गाडी जागची हलत नाही. या पोरांत सगळ्यांत हुशार होती गोपाळची धाकटी, अकरा वर्षांची शालू. आजही ती आजोबांच्या शेजारी उभी होती.

शिवकांत कामाला लागला. अशा वेळी घाई करायची नसते. आधी त्यानं प्लग काढला, टोपीत बसवला आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. गोपाळचा भाऊ शिवशंकर यानं किक मारली. ठिणगी आली. चांगली, निळी. टोपी काढून नुसती वायर लोखंडाजवळ धरली. तरीही आली. टाकीखालची कॉइल चाचपली, तिची जोडणी हलवून पाहिली. सगळं घट्ट होतं.

"मंग काय भुतानं बंद पाडली व्हय?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

शिवकांतनं विचारलं, त्या दिवशी रस्त्यावर पाणी होतं का. शिवशंकर म्हणाला, होतं. कालवा फुटला होता, रुळाच्या अलीकडं गुडघाभर पाणी साचलं होतं.

तेव्हा शिवकांतनं तांब्यात पाणी घेतलं आणि वायरीवर शिंपडलं. शिवशंकरनं किक मारली. या वेळी प्लगवर ठिणगी आली नाही. पुन्हा मारली. नाही.

वीज वाटेत कुठंतरी गळत होती. उन्हात ती दिसत नाही, अंधार करावा लागतो. त्यानं इंजिनावर गोणपाट टाकलं आणि आत डोकं घातलं. प्लग धरायला कुणीतरी हवं होतं. शालू न सांगता पुढं झाली आणि त्याच्या शेजारी आत शिरली.

शिवशंकर किक मारत राहिला. एकदा, दोनदा, पाच वेळा. गोणपाटाखालून शालूचे फक्त पाय दिसत होते.

मग शिवकांत बाहेर आला. त्याच्या हातात पकड होती. त्यानं वायर दोन्हीकडून तोडली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"वायर जुनी हाय," तो म्हणाला. "नवी म्हनून सांगितली, पर जुनीच बसवली. भिजली की ठिनगी गळायलीय तिच्यातून."

शिवशंकरनं त्याची कॉलर धरली. येडबानं काठी आडवी घालून शिवशंकरला मागं ओढलं.

"जीव गेला रं माज्या लेकराचा," म्हातारा म्हणाला. मग त्याला आठवलं. "लिंगावर हात ठिव आन् पुन्यांदा सांग."

शिवकांतनं दोन्ही पंजे पुढं केले. ते ऑइलनं काळे झाले होते. "हात घान हायत, आबा. आन् चूक मीच कबूल करायलोय, त्याला शपथ कशाला?"

येडबाला ते पटलं. दोष अंगावर घेणाऱ्याला शपथ कोण घालतं? सांजच्या आत दुकान रिकामं कर, एवढंच तो म्हणाला. लोक शिव्या देत पांगू लागले. गावातल्या चौघांनी तिथल्या तिथं आपापल्या गाड्या ढकलत बाहेर नेल्या. त्यांतल्या एकाच्या पोराला शिवकांतनंच पंक्चर काढायला शिकवलं होतं. तो बापामागं गेला, मागं वळून पाहिलं नाही.

शिवकांत खाली बसून पाने पोत्यात भरू लागला. येडबानं शालूचा हात धरला आणि घराकडं निघाला.

दहा पावलं गेल्यावर शालू थांबली. तिनं हात सोडवून घेतला, पळत परत आली आणि शिवकांतनं पोत्यात भरलेले पाने एकेक करून बाहेर काढू लागली. शिवकांतनं तिला हळूच दटावलं, घरी जा म्हणाला. तिनं ऐकलं नाही. येडबा काठी टेकत मागं आला, तेव्हा ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आबा, अप्पानं नवीच वायर बसवली व्हती. दाभन मी खुपसलं तिच्यात. गाडी जागची हलनारच न्हाई, मंग आक्काची सुपारी फुटनार न्हाई, आसं वाटलं मला."